काव

भाच्यानं पुण्याहून दौत आणली.
लेबलवर रंगाचं नाव नव्हतं, नुसता आकडा: सतरा.
मी उजेडाकडे धरली आणि म्हटलं, ही तर काव.
आमच्या बस्तीच्या ओट्याला लावतात ती.

अभिनंदन म्हणाला, मामा, जपून.
ही शाई पाण्यात विरघळलेली नसते,
नुसती तरंगत असते. भुकटी आहे. बसली की बसली.
मी हसलो. तीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो मी.
बसणारी भुकटी म्हणजे काय
ते माझ्या सदऱ्यांच्या कॉलरना विचार.

रविवारी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली.
टेबलावर जुना पेपर अंथरला, दौत हलवली,
तीन पेनं काढली.

पतसंस्थेनं पंचविसाव्या वर्षी वाटलेलं, सोनेरी:
शाई पितं, सोडत नाही.
झटकलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर
अष्टमीच्या चौकटीत तीन थेंब.
सुमतीनं ओलं फडकं फिरवलं,
छापील आकडा फिकटला, थेंब तसेच.

दुसरं चिनी, आरपार दिसणारं. बरं चाललं.
त्याच्याबद्दल एवढंच.

तिसरं वडिलांचं, एबोनाइटचं, ड्रॉपरनं भरायचं.
आटे झिजलेले, व्हॅसलिन लावून बसवतो.
निळ्या-काळ्याशिवाय दुसरं काही
त्याच्या पोटात कधी गेलं नव्हतं.
हात जरा अडला. मग भरलं.

नवी शाई हातात आली की माणूस आधी सही करतो.
मी पाच केल्या. मग रेघोट्या, मग क्ष, ज्ञ, श्री.
मग सुचेना,
म्हणून सुमती आतून सांगत होती ते उतरवलं:
दूध अर्धा लिटर, गवार, दोडका,
गिरणीतून शाळू आणणे.

वाळू दिलं. कागद नळाखाली धरला.
पाणी खाली स्वच्छ पडत होतं.
दोडका जागच्या जागी.
बोट घासलं तरी गवार हलेना.

मी नळ चालूच ठेवला.
पाणी वाया चाललंय, सुमती म्हणाली.

पुराच्या साली गावभागातल्या खोलीत
माळ्यापर्यंत चढलं होतं ते.
नवव्या दिवशी बिस्किटांचा डबा खाली काढला.
दादाची पत्रं, हुबळीची, रेल्वे वर्कशॉपच्या काळातली.
तो जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
पाकिटांवरचे पत्ते शाबूत, ते बॉलपेनचे.
आतले कागद आभाळासारखे एकसारखे निळे.
म्हणजे कुणाला लिहिलं ते राहिलं,
काय लिहिलं ते कृष्णेनं नेलं.

सांगलीत बऱ्याच जणांचं बरंच गेलं.
आमचा एक डबा. मी कुणाला बोललो नाही.

नळ बंद केला. कोरा कागद घेतला.
एक वाक्य मला पाठ होतं, म्हणजे पाठ आहे असं वाटत होतं.
वडिलांच्या पेनानं लिहायला घेतलं:
इथं सगळं मिळतं, फक्त तुझ्या वहिनीला मनासारखा शाळू

आणि थांबलो.
"मिळत नाही" होतं, की "मिळेना"?
दादा मिळेना म्हणायचा. पण पत्रात?
पत्रात तो जरा शाळेतल्यासारखा लिहायचा.
डोळे मिटले. कागदाची घडी आठवली,
डाव्या कोपऱ्यातला चहाचा गोल आठवला,
शब्द आठवेना.

निब टेकवली तर कोरडी.
ही शाई विचार करायला वेळ देत नाही,
थांबलं की जिभेवरच सुकते.
निब पाण्यात बुडवली, फडक्याला टिपली,
पेपरच्या कडेला दोन रेघा ओढल्या, सुरू झाली.

मिळेना.
लिहून टाकलं.

अक्षर माझं, रंग बस्तीचा,
आता दादानं असंच लिहिलं होतं.
नळाखाली धरून बघितलं नाही.

अभिनंदनचा रात्री फोन आला.
कशी आहे शाई?
म्हटलं, चांगली आहे. हट्टी आहे.
रोज लिहा मामा, तो म्हणाला,
नाहीतर गुरुवारपर्यंत पेन धुऊन ठेवा.

आज बुधवार.
शाळू दळून आणलाय.
पेन अजून भरलेलंच आहे.